जपानला निघालात? मग आधी कुकर कुठला आहे ते बघा

सुट्टीला पुण्यात आलं की आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी जपानला निघालेलं असतंच, त्यात नवल काही नाही म्हणा, इथे जपानी शिकणारी पोरं इतकी आहेत की रानडे इन्स्टिट्यूटच्या आसपास चहा प्यायला थांबलं तरी एन थ्री झालं का, एन टू डिसेंबरला देणार का जुलैला (जपानीच्या परीक्षेच्या पातळ्या या), हेच कानावर पडतं. यंदा खालच्या काकूंचा मुलगा चाललाय. काकू वही पेन घेऊनच वर आल्या, "अगं तू सात वर्षं राहतेस तिकडे, काय काय द्यायचं बरोबर ते सांग बरं नीट." मी बोलत गेले, त्या लिहीत गेल्या, आणि मला वाटलं दर वर्षी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा टाइप करून ठेवू म्हणजे पुढच्याला नुसतं फॉरवर्ड करता येईल. फुजी, साकुरा, बुलेट ट्रेन यातलं काही इथे मिळणार नाही, ते सगळे सांगतात. मी पहिल्या तीन महिन्यांचं सांगणार.

बॅगेपासून सुरू करू. मिक्सर नेऊ नका. काकूंनी मुलाचा मिक्सर खोक्यासकट पॅक केला होता, तो मी काढायला लावला. तिकडे वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा, तो तिथे लावला तर खोबरं वाटायच्या ऐवजी नुसता गुरगुरत बसेल, आणि चालवायचाच म्हटलं तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो जो विटेसारखा जड असतो. तिकडचाच छोटा मिक्सर घ्या, चटणीपुरता चालतो. फोन लॅपटॉपच्या चार्जरना काही होत नाही, फक्त पिना दोन चपट्या लागतात, तो अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

कुकर मात्र न्याच, पण कुठला ते बघून. एकट्यासाठीच्या बऱ्याच खोल्यांत गॅसऐवजी इंडक्शनची एकच शेगडी असते (तिकडे आयएच म्हणतात) आणि आपला साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म तापत नाही. त्यामुळे सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा तीन लिटरचा घ्या, आणि एक जास्तीची रिंग आणि व्हॉल्व्ह पाकिटात घालून टाका, कारण रिंग गेली की तिकडे दारोदार फिरूनही मिळत नाही, माझी फेब्रुवारीत गेली आणि जुलैत भाऊ येईपर्यंत मी पातेल्यात डाळ शिजवली.

डाळ तांदूळ नेऊ नका, धान्य आणि ताज्या भाज्या फळांना तिकडे प्लांट क्वारंटाइनचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे ताजा कढीपत्ता, आंबे हेही घरीच. मांस तर अजिबातच नाही. तूरडाळ, बेसन, साबुदाणा, पोहे सगळं इंडियन दुकानांत मिळतं, टोकियोतल्या निशी-कासाईला तर इतके भारतीय राहतात की स्टेशनच्या बाहेर हिंदी ऐकू येतं. पण गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं या गोष्टी तिथे असतीलच असं नाही, वजनाचा कोटा त्यासाठी ठेवा.

औषधांचं जरा सिरियसली घ्या. रोजच्या प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या एक महिन्याच्या पुरतील एवढ्याच नेता येतात, त्याच्या वर न्यायच्या तर आधी अर्ज करून 'युन्यू काकुनिन-शो' नावाचा कागद घ्यावा लागतो. आणि सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर तिकडे चक्क बंदी आहे. आईने प्रेमाने भरून दिलेला औषधांचा डबा उघडून एकेक स्ट्रिप वाचा.

आता नाव. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं आणि याचा ताप सगळ्यात जास्त झाला. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळं. एअरपोर्टवरच जे झाइर्यू कार्ड म्हणजे तिकडे राहायचं ओळखपत्र मिळतं त्यावर आधी आडनाव मग ते दोन्ही, असं सलग छापून येतं, आणि मग तुमचं नाव आयुष्यभर तेच. पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा नर्सबाई हाक मारत होत्या आणि मी आपली शांत बसलेली, तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा लक्षात आलं की त्या 'श्रीकांतो-सान' म्हणतायत, म्हणजे माझे बाबा, जे त्या वेळी सिंहगड रोडला दुपारची झोप काढत होते.

तर करायचं काय, की इथेच बसून आपलं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. ळ नाही, ल आणि र एकच, जोडाक्षरं सुटी होतात, देशपांडे असेल तर देशुपांदे होतं, कुठे 'दे' लांब काढली जाते कुठे नाही. बँकेत एक आणि फोन कंपनीकडे दुसरं असं झालं की पैसे कापायची परवानगी जुळत नाही आणि फॉर्म परत येतो. बरं फॉर्मवर चौकोन मोजून दहा बारा, आपलं नाव सतरा अक्षरांचं, तेव्हा कुठे तोडायचं ते काउंटरवरच्या माणसाला विचारूनच तोडा.

घर ठरलं की १४ दिवसांच्या आत तिथल्या वॉर्ड किंवा सिटी ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, कार्डाच्या मागे छापून देतात, तो झाला की हेल्थ इन्शुरन्स, बँक, फोन हे सगळं पुढे सरकतं. इन्शुरन्सवर डॉक्टरचं बिल साधारण ३० टक्केच आपल्याला पडतं. घर घेताना शिकिकिन म्हणजे डिपॉझिट समजू शकतं, पण रेइकिन म्हणून एक प्रकार असतो, घरमालकाला आभाराचे पैसे, ते परत येत नाहीत, कशाचे आभार ते विचारू नये. रेइकिन नसलेली घरंही असतात, शोधताना तसं सांगा.

कचरा. इथे जरा बसून बोलू. ओला सुका करतो आम्ही पुण्यात, येईल की, असं मलाही वाटलं होतं. तिकडे घर घेतलं की एक तक्ता मिळतो, कुठल्या वारी काय, आणि तो तक्ता प्रत्येक गावाचा वेगळा. आमच्याकडे मंगळवारी शुक्रवारी जळणारा, बुधवारी प्लॅस्टिकच्या बाटल्या, एक वार कागदाचा, महिन्यातून दोनदा न जळणारा, आणि सगळं त्याच दिवशी सकाळी आठच्या आत, आदल्या रात्री ठेवायचं नाही कारण कावळे फाडतात, म्हणून वर निळी जाळी ओढायची. पहिल्या बुधवारी मी बाटल्यांची पिशवी ठेवून ऑफिसला गेले, संध्याकाळी बघते तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटी तिथेच, तिच्यावर स्टिकर चिकटवलेलं. शाळेत वही परत आल्यावर वाटतं ना अगदी तसं वाटलं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, पिशवी उघडली, एक बाटली काढली, झाकण काढून एका बाजूला, मग लेबलवर ती टिंबटिंबाची रेघ असते तिथे नख घालून सर्रकन सोललं, बाटली पायाखाली चपटी केली आणि दुसरी माझ्या हातात दिली. बावीस बाटल्या आम्ही दोघींनी तिथेच उकिडवं बसून सोलल्या. तर हे असं: झाकण वेगळं, लेबल वेगळं, आत पाणी घालून विसळायची. मोठी वस्तू, म्हणजे गादी खुर्ची वगैरे, तशीच नाही टाकता येत, आधी बुकिंग करून त्याचे पैसे भरून स्टिकर लावायचं.

त्याच आजींना मी नंतर बाकरवडीचं पाकीट दिलं. नवीन घरात आलं की आजूबाजूला छोटं काहीतरी देऊन यायची तिकडे पद्धतच आहे, ते पहिल्या आठवड्यात उरका, मी उशीर केला होता. ऑफिसातही सुट्टीहून परतताना सगळ्यांना पुरेल असा खाऊ न्यायचा असतो, एकेक वेगळं गुंडाळलेलं असेल तर उत्तम.

स्वयंपाकाचं आता. फोडणी टाकायच्या आधी कानकिसेन, म्हणजे शेगडीवरचा पंखा, फुल्लवर लावा, आणि मधलं दार बंद करा. छताला स्मोक अलार्म असतो आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीशी त्याची ओळख नसते. शिवाय भिंतीला जो कागद लावलेला असतो तो वास आणि तेल धरून ठेवतो, घर सोडताना ते डिपॉझिटमधून जातं. दिवाळीत चकल्या केल्यावर उरलेलं तेल सिंकमध्ये अजिबात ओतू नका, सुपरमार्केटमध्ये तेल गोठवायची पावडर मिळते, गरम तेलातच टाकून ढवळायची, गार झालं की खरवसासारखा थर निघतो, तो उलथन्याने काढून जळणाऱ्या कचऱ्यात.

भाताची काळजी नको. जपानी तांदूळ चिकट म्हणून लोक नाकं मुरडतात पण आपण इंद्रायणी खाणारे, वरणभात तूप लिंबू त्यावर झकास लागतं, फक्त मसालेभाताला बासमती आणा. दह्यासाठी 'प्लेन योगर्ट'चा ४०० ग्रॅमचा डबा घ्या, त्यात साखर नसते आणि त्याचंच विरजणही लावता येतं. आणि कृपया माझ्यासारखं करू नका. दुसऱ्याच महिन्यात मला सुपरमार्केटमध्ये पिवळसर पिठाचं पाकीट दिसलं, किनाको लिहिलेलं, मी म्हटलं चला बेसन सापडलं, घरी येऊन कांदा लसूण परतून पिठलं टाकलं. ते घट्टच होईना, घोटतेय घोटतेय, वर गोडसर शेंगदाण्याच्या लाडवासारखा वास. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, मोची म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांवर भुरभुरवतात. खाल्लं मी ते, टाकून देणार कुठे, गुरुवार होता.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, मग मासा येतो. मासा नको म्हटलं तरी दाशी राहतेच, म्हणजे ज्या पाण्यात सगळं शिजतं ते, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाचं असतं, मिसो सूप, उदोन म्हणजे जाड शेवया, अगदी भाज्यांच्या सालनातसुद्धा. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालते पण ती विचारून घ्यावी लागते. पाकिटावर कात्सुओ, पोर्क, चिकन, बीफ, जिलेटिन या पाच सहा शब्दांची जपानी अक्षरं तेवढी पाठ करा, परीक्षेत नाही आली तरी पोटाला लागते. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो पण एकदा त्याने मला 'आईचे तुकडे' असं वाचून दाखवलंय.

बोलण्याचं थोडक्यात. एन थ्री पास होऊनही कोनबिनीत, म्हणजे तिकडच्या छोट्या किरकोळ दुकानात, काउंटरवरची पोरगी काय विचारते ते पहिले काही महिने कळत नाही, कारण ती अति अदबीचं बोलते. ती दोनच गोष्टी विचारते, पिशवी हवी का (२०२० पासून पिशवीचे पैसे पडतात) आणि गरम करून देऊ का. हवं असेल तर 'हाय, ओनेगाइशिमास', नको असेल तर 'दाइजोबु देस'. आणि कोणी 'चोत्तो...' म्हणून दातांमधून हवा ओढली तर ते नाही आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणतात, पाटी लावून म्हणतात, तिकडे ती हवा ऐकायला शिकावं लागतं.

भूकंपाला फार घाबरू नका पण पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बघून ठेवा, जवळची जमायची जागा कुठली, आणि गॅसचा मीटर कुठे आहे. मोठा हादरा आला की मीटर आपोआप बंद होतो, नंतर त्यावरचं बटण दाबून थांबायचं असतं, मला माहीत नव्हतं, मी दोन दिवस गार पाण्याने अंघोळ केली जानेवारीत. ॲम्ब्युलन्स ११९, पोलीस ११०.

पैशाचं एकच, जूमिनझेइ नावाचा रहिवासी कर मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी पगार मस्त हातात येतो आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून एकदम कमी दिसतो. एचआरला मेल टाकू नका, चूक नाहीये ती. मी टाकला होता.

शेवटचं काकूंसाठी. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे जेवणं आवरून साडेनऊला फोन लावला की तिकडे रात्रीचा एक वाजलेला असतो आणि पोरगं सकाळी सहाच्या ट्रेनला जाणार असतं. तेव्हा संध्याकाळी सहा, तिकडे साडेनऊ, ही वेळ ठरवा. काकूंनी लगेच खाली जाऊन कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहिलं. परवा सहज पाहिलं तर 'जपान = आपले वजा साडेतीन' असं होतं, ते मी पेनने खोडून अधिक केलं.