सीबॅक फॉर्म: कंबरेचा घेर अचूक मोजा, मशेरी नाव घेऊन विचारा

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, आशाताई घरोघरी भरतात. गुणांची बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला उपकेंद्रातल्या तपासणीला आधी पाठवायचं. त्यामुळे एक गुण चुकला तरी नेमका धोक्यातला माणूस मागे राहू शकतो.

कंबरेच्या घेराला बायकांमध्ये ८० सेंमीपर्यंत शून्य, ८१ ते ९० ला १, पुढे २ गुण. पुरुषांमध्ये ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० ला १, पुढे २. आपल्या लोकांत वजन बेताचं असूनही चरबी पोटात साठते, म्हणून सडपातळ दिसणाऱ्यालाही टेप लावायचीच.

माणूस सरळ उभा, पाय जवळ, हात बाजूला. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप धरा. निऱ्यांवरून किंवा परकराच्या नाडीवरून मोजलेला घेर फुगीर येतो. टेप पाठीकडे घसरते, मागे जाऊन बघा. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढलं असेल तर बोलतं करा, ते सैल सुटतं. कापडी टेप वापरून ताणते आणि घेर कमी दाखवते. अधूनमधून पट्टीशी ताडून पाहा.

‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या हिशेबात मशेरी धरलेलीच नसते. नाव घेऊन विचारा, तेही घरातली मंडळी समोर नसताना. रोज लावत असेल तर २ गुण. गरोदरपणी शुगर वाढली होती का, हेही जरूर विचारा. अशा बाईची तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी व्हायला हवी.

उपकेंद्रात रक्तातली साखर मोजायला ग्लुकोमीटर लावण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करायला सांगा. बोटाला फळाचा रस असला तर आकडा खोटा वाढतो. बोट पिळू नका. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. जेवणाची वेळ न पाहता मोजलेली शुगर १४० (मिग्रॅ/डेसिली) किंवा वर आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिथल्या उपाशीपोटीच्या तपासणीआधी आठ तास फक्त पाणी. चहाही नाही.

उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ आलेल्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. त्यांना त्रास नसतो, बहुतेकांना गोळ्याही नसतात, म्हणून ते विसरले जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका नुसत्या आहार-व्यायामाने तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटला. एका भेटीत एकच बदल ठरवा: आधी चहातली साखर (गुळानेही शुगर वाढतेच), मग अर्धं ताट भाजी, पुढे आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. शेतकाम धरा, पण हंगाम संपला की चालण्याचं पुन्हा विचारा.