नेपोलियनच्या मोठ्या लढाईसाठी नियम निवडताय? या चुका टाळा

नियमांचं पुस्तक आधी घ्यायचं आणि लढाई मागून ठरवायची, हा क्रमच उलटा. गोव्यात छोटे सैनिक (मिनिएचर) आणि फासे घेऊन टेबलावर नेपोलियनकालीन युद्ध मांडायचं म्हटलं की पोर्तुगालची मोहीम आठवणारच, म्हणून तिथल्या बुसाकोच्या डोंगरावरच्या लढाईचंच उदाहरण घेऊ. २७ सप्टेंबर १८१०. फ्रेंच मार्शल मासेनाचे सुमारे ६५ हजार सैनिक, समोर ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचे ५० हजार, त्यांतले निम्मे पोर्तुगीज. एका मिनिएचरमागे २० सैनिक धरले तरी पावणेसहा हजार मिनिएचर रंगवावी लागतील!

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खेळाडूला म्हणायचं सेनापती आणि काम द्यायचं बटालियनच्या, म्हणजे काहीशे सैनिकांच्या तुकडीच्या, मेजरचं. कॉलममधून (चालीची खोल रांग) लाइनमध्ये (गोळीबाराची रुंद रांग) कधी यायचं, घोडदळ दिसताच चौकोन बांधायचा का, हे सहा-आठ बटालियनपर्यंत रंगतं. बुसाकोत दोन्हीकडच्या मिळून शंभरावर जातात. मग एकेक टर्न तासभर चालतो आणि फोंड्याहून, म्हापशाहून आलेली मंडळी घरी निघतात तेव्हा 'ने' (Ney) हा फ्रेंच मार्शल अजून डोंगराच्या पायथ्याशीच असतो.

अशा लढाईला ब्रिगेड (अनेक बटालियन मिळून होते ती) हीच सर्वांत लहान तुकडी मानणारे नियम हवेत. 'ब्लूखर' तसे आहेत. त्यात तुमच्या हालचालींचे फासे प्रतिस्पर्धी टाकतो आणि आकडा झाकून ठेवतो. आपली पाळी कधी संपेल ते कळत नसल्यामुळे कोणती ब्रिगेड आधी हलवायची, याचा खराखुरा घोर लागतो. मला हे फार आवडतं. सेनापतीला पडणारा प्रश्न तोच असतो.

'ब्लॅक पावडर' ही दुसरी नियमावली बटालियनवर चालते, पण खेळाडू पुष्कळ असतील तर शोभते, शिवाय बेसच्या (मिनिएचर चिकटवायच्या पट्टीच्या) मापाची सक्ती नाही. फक्त त्यातली हालचालीची आणि माऱ्याची अंतरं लांबलचक आहेत. आपल्याकडे बहुतेकदा मिळतं ते टेबल टेनिसचं टेबल, ९ बाय ५ फूट. तिथे सगळी अंतरं सरसकट निम्मी करा. टेबल याहून रुंद मात्र करू नका, मधल्या सैनिकांपर्यंत हात पोचत नाही.

दुसरी चूक लढाईचा स्वभाव न पाहण्याची. बुसाकोत वेलिंग्टनने बरंचसं सैन्य कड्यामागे दडवलं होतं. सगळं उघड मांडलं तर फ्रेंच खेळाडू त्या चढावर जाईलच कशाला? नियमांत लपवण्याची सोय नसेल तर ब्रिगेडऐवजी पालथी कार्डं ठेवा, त्यांतली काही फसवी, म्हणजे ज्यांमागे सैन्यच नाही अशी. उलट घोडदळाला तिथे फारसा वाव नव्हता, त्यामुळे घोडदळाची बारीकसारीक कलमं बिनदिक्कत गाळा.

खेळ मध्येच अडला तर नवा नियम घडवत बसू नका, फासा टाकून निकाल लावा आणि पुढे चला.

पुस्तक पक्कं करण्याआधी छोटी चाचणी घ्या: फक्त फ्रेंच सेनानी रेनिएचा कोअर (अनेक डिव्हिजनांचं दल), समोर वेलिंग्टनच्या सैन्यातली पिक्टनची डिव्हिजन (काही ब्रिगेडांची तुकडी), मोबाइलवर घड्याळ लावून. मिनिएचर नसतील तर पुठ्ठ्याचे तुकडे चालतील. दुसऱ्या टर्नलाही अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला, तर पूर्ण लढाई त्या नियमांनी एका रविवारात उरकणार नाही.