शिट्टी कधी वाजवायची? कॅरमच्या सोंगट्यांनी घरीच बनवा कमांडो छाप्याचा खेळ

२७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री फ्रान्समध्ये, ल हाव्र बंदराच्या उत्तरेला ब्रुनवाल गावाजवळ, ब्रिटिशांची छत्रीधारी तुकडी बर्फात उतरली. १२० जण होते, नेतृत्व मेजर जॉन फ्रॉस्ट यांचं. समुद्रकड्यावर जर्मनांचं व्युर्त्सबुर्ग रडार होतं. त्याचे भाग काढायचे, किनाऱ्यावर उतरायचं आणि आरमाराच्या बोटींतून परतायचं, असा बेत होता. रडारजवळच्या बंगल्यापर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही. तिथे फ्रॉस्ट यांनी शिट्टी वाजवली आणि हल्ला सुरू झाला.

छाप्याच्या पटखेळाचा जीव त्या शिट्टीत असतो. बहुतेक घरगुती खेळांत लपणं फसलं की शिक्षा म्हणून लढाई येते, आणि मग खेळाडू सगळा वेळ दान चांगलं पडण्याची वाट बघत बसतो. शांतता आपण मोडायची की समोरच्याने, हा निर्णय खेळाडूच्या हातात असला पाहिजे. खालचे सगळे नियम त्यासाठीच बांधले आहेत.

सामान आणि पट

कॅरमच्या सोंगट्या, दोन फासे, काडेपेटी, खडू आणि मोठा पुठ्ठा एवढं पुरे. नऊ पांढऱ्या सोंगट्या म्हणजे छापेकरी, नऊ काळ्या म्हणजे पहारेकरी आणि राणी म्हणजे रडार. पहारेकरी नियमांनुसार चालतात, त्यामुळे हा खेळ एकट्याने किंवा तिघांनी मिळून खेळता येतो.

पुठ्ठ्यावर १२ × १२ घरं आखा. डावी कड समुद्र. मध्यावर, समुद्रापासून तिसऱ्या घरात राणी ठेवा, तिच्या उजवीकडे दोन घरांवर बंगला. वरच्या कडेला झाडांनी वेढलेलं शेतघर, जर्मनांची कुमक तिथून येणार. खाली डाव्या कोपऱ्यात किनारा. छापेकरी उजव्या कडेला उतरतात. मधल्या पंधरा-वीस घरांत झुडपं रंगवा, बाकी उघडं बर्फ.

पहारेकरी असे मांडा: तीन रडारपाशी, एक बंगल्यात, तीन किनाऱ्यावर, दोन गस्तीवर. गस्तीची वाट पेन्सिलीने आखा. दर फेरीला गस्तीसाठी एक फासा टाका. १ ते ४ पडलं तर दोन घरं पुढे, ५ किंवा ६ पडलं तर आल्या वाटेने मागे. हे मागे वळणं ठेवाच. नाहीतर तिसऱ्या डावापर्यंत गस्त पाठ होते आणि भीती संपते.

छापेकऱ्यांच्या तिघातिघांच्या तीन तुकड्या करा. प्रत्यक्षात पाच होत्या आणि त्यांना ब्रिटिश आरमारी सेनानींची नावं दिली होती. आपण तीन घेऊ: ड्रेक रडारवर जाईल, नेल्सन किनारा मोकळा करेल आणि रॉडनी राखीव राहील.

लपण्याचे नियम

इथे सावकाश जा, कारण सगळं गणित इथे आहे. माझ्या पहिल्या आराखड्यात प्रत्येक घराला एक फासा टाकायचा आणि १ पडला की तुकडी दिसली, असा नियम होता. कागदावर धोका सहात एक. पण दहा घरं ओलांडताना किमान एकदा १ पडण्याची शक्यता ८४ टक्के निघते. म्हणजे रडारपर्यंत लपून पोचणं जवळपास अशक्य. छोटा धोका पुन्हा पुन्हा पत्करला की तो मोठा होतो, आणि नियम लिहिताना हे हमखास निसटतं.

म्हणून दान घराला टाकू नका. तुकडीला फेरीतून एकदाच टाका, तेही पहारेकरी चार घरांच्या आत असेल आणि मध्ये भिंत किंवा झुडूप नसेल तरच. दोन्ही फासे टाकून बेरीज करा. तुकडी दबकत, म्हणजे दोन घरं, चालली असेल तर ३ किंवा कमी बेरजेला चाहूल लागते. हा धोका बारात एक. धावत चार घरं गेली असेल तर ५ किंवा कमीला, साधारण २८ टक्के. फेरी झुडपात संपवली तर फक्त २ ला. दिसण्याच्या टप्प्यात एकाहून जास्त पहारेकरी असतील तर प्रत्येक जादा माणसामागे ही मर्यादा एकाने वाढवा. रडारपाशी तिघे आहेत, म्हणून तिथे दबकत जाणंही धावण्याइतकं धोक्याचं होतं. आणि तसंच हवं.

चाहूल म्हणजे बोंब नव्हे. चाहूल लागली की जवळचा पहारेकरी तुकडीच्या दिशेने दोन घरं येतो. आता खेळाडूपुढे तीन वाटा. झुडपात असाल तर एक फेरी न हलता, दान न टाकता दबा धरा. तो शेजारच्या घरापर्यंत पोचला नाही तर परत फिरतो. किंवा मागे सरका. किंवा तो शेजारी येताच सुरी चालवा. सुरीला एक फासा, ४ किंवा जास्त हवं. दोघांनी मिळून हल्ला केला तर दोन फासे, एक यशस्वी झाला तरी चालतं, म्हणजे ७५ टक्के. सुरी फसली किंवा चाहूल असताना पुन्हा वाईट दान पडलं, तर बोंब.

शिट्टी आणि बोंब

शिट्टी खेळाडूने आपल्या फेरीच्या सुरुवातीला कधीही वाजवावी. वाजली की त्या फेरीत सगळ्या छापेकऱ्यांच्या प्रत्येक फाशाला एक गुण जादा, पहारेकरी त्या फेरीत गोळी झाडत नाहीत, आणि काडेपेटीतल्या आठ काड्या पटाशेजारी मांडायच्या. बोंब उठली तर जादा गुण नाही, पहिली गोळी पहारेकऱ्यांची आणि काड्या सहाच.

फरक किती पडतो ते बघा. स्टेनगनला, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनला, तीन घरांपर्यंत दोन फासे, प्रत्येकी ५ किंवा जास्त लागतं. शिट्टीच्या फेरीत ४ पुरतं. ड्रेकच्या तिघांनी रडारपाशच्या तिघांवर एकेक नेम धरला, तर तिघेही पडण्याची शक्यता शिट्टीनंतर ४२ टक्के आणि बोंबेनंतर १७ टक्के. आणखी दोन घरं जवळ जावं की आत्ताच शिट्टी वाजवावी, हा प्रश्न या दोन आकड्यांतून उभा राहतो.

बाकीची लढाई थोडक्यात. रायफलला सहा घरांपर्यंत एक फासा, ४ किंवा जास्त. पहारेकऱ्याला चार घरांपर्यंत एक फासा, ५ किंवा जास्त. छापेकरी आडोशाला असेल तर ६. छापेकऱ्याला पहिली गोळी लागली की तो जखमी, सोंगटीवर खडूची खूण करा, दुसरीला बाद. जखमी असलेली तुकडी फेरीला दोनच घरं चालते. जखमींना मागे सोडायची मुभा मी ठेवली नाही, आणि तुम्हीही ठेवू नका असं मला मनापासून वाटतं.

रडार सोडवणं

फ्रॉस्ट यांच्याबरोबर फ्लाइट सार्जंट कॉक्स हे रडारचे तंत्रज्ञ होते. गोळीबार वाढला, गाड्यांचे दिवे जवळ येताना दिसले, तेव्हा त्यांना आणि सॅपर्सना (लष्करातल्या अभियंता जवानांना) काही भाग पहारीने उचकटून काढावे लागले. ड्रेकमधला एक जण तंत्रज्ञ समजा. तो दर फेरीला एक फासा टाकतो. एकूण १२ झाले की रडार सुटलं. सरासरी चार फेऱ्या लागतात. पहार वापरली तर दोन फासे, पण दोन्हींवर सारखंच दान पडलं की एक भाग फुटला. तीन भाग फुटले तर छापा फसला.

दर फेरीला एक काडी उचला. काड्या संपल्या की शेतघरातून फेरीला एक पहारेकरी येतो. बाद झालेल्या काळ्या सोंगट्याच पुन्हा वापरा. राणी घेतलेली तुकडी फेरीला दोनच घरं चालते, म्हणजे किनाऱ्यापर्यंत आणखी तीन फेऱ्या. आठ काड्या ठरवल्या त्या यावरून.

उतरणं आणि परतणं

त्या रात्री दोन गट ठरल्या जागेपासून दूर उतरले, त्यामुळे किनारा वेळेवर मोकळा झाला नाही. म्हणून नेल्सनसाठी सुरुवातीला एक फासा टाका. १ किंवा २ पडलं तर ती तुकडी तीन फेऱ्या उशिरा, खालच्या उजव्या कोपऱ्यातून येते. बोटींचंही तसंच. जर्मन जहाजं जवळून गेल्यामुळे बोटी दबा धरून होत्या, आणि किनाऱ्यावरच्यांना बराच वेळ उत्तर मिळेना. खेळात तुकडी किनाऱ्याला पोचल्यावर दर फेरीला एक फासा टाका. ५ किंवा ६ ला बोट येते. छापा यशस्वी झाला. दोन जण मारले गेले, सहा पकडले गेले. तुमच्या डावाचा हिशेब याच आकड्यांशी ताडून बघा.

मित्रांना बोलावण्याआधी एकट्याने पाच डाव खेळा आणि वहीत दोनच गोष्टी लिहा: शिट्टी वाजली की बोंब उठली, आणि त्या वेळी ड्रेक रडारपासून किती घरांवर होती. पाचही वेळा बोंब असेल तर पटावर झुडपं वाढवा. पाचही वेळा रडारला खेटून शिट्टी वाजली असेल तर बंगल्यातला पहारेकरी गस्तीवर पाठवा. आकड्यांना हात सगळ्यात शेवटी लावा.