झेरॉक्स, कात्री आणि सेकंदाला १२ चित्रं: ‘जूनो’सारखी टायटल्स करताना

सोळा वर्षांची मुलगी, हातात संत्र्याच्या पेयाची भलीमोठी बाटली, गरोदरपणाची आणखी एक चाचणी करायला दुकानाकडे निघालेली. ‘जूनो’ या चित्रपटाची (२००७) टायटल्स, म्हणजे सुरुवातीची श्रेयनामावली, एवढीच. शॅडोप्ले स्टुडिओने नायिकेला ट्रेडमिलवर चालवून फोटो काढले, त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या कात्रीने कापल्या. फिल्टर लावून हा खरबरीतपणा येत नाही.

मोबाइल ट्रायपॉडवर, कंबरेच्या उंचीला, बरोबर बाजूने लावा. ट्रेडमिल ताशी ३-४ किलोमीटरवर ठेवा. शटरचा वेग किमान १/२५० सेकंद, नाहीतर पाय पुसट येतात आणि झेरॉक्समध्ये त्यांचा काळा गोळा होतो. सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित करून एकाआड एक फ्रेम घ्या. १० सेकंदांना १२० चित्रं लागतील. एवढी नको असतील तर दोन पावलांच्या एका पूर्ण चालीची १२ चित्रं प्रत्येकी तीनदा छापा आणि तीच पुन्हा पुन्हा दाखवा. पण तिन्ही वेगवेगळी कापा. एकच कात्रण फिरवत राहिलात तर कडा थरथरत नाहीत, आणि सगळी गंमत त्या थरथरीतच आहे.

ए-४ वर चार चित्रं. प्रिंटची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं तीन-चार वेळा. चेहरा आधीच थोडा उजळ करून घ्या, नाहीतर दुसऱ्या प्रतीतच डोळे गायब. रंग शेवटच्या प्रतीवर, पेन्सिलीने भरा. काही मार्करची शाई टोनर, म्हणजे झेरॉक्सची काळी पूड, विरघळवते. कापण्याआधी प्रत्येक चित्राच्या मागे क्रमांक टाका. हा कंटाळा केलात तर १२० पायांचं कोडं सोडवत बसाल. कडेला दोन मिलिमीटर पांढरं सोडा आणि कात्री नव्हे, कागद फिरवा.

निळ्या कागदावर ठेवून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे निळा भाग संगणकावर काढून टाकता येतो. संगणकावर चित्रं जुळवताना आधीचं चित्र अर्धपारदर्शक ठेवून कंबर कंबरेवर बसवा. डोकं वरखाली होऊ दे, चालताना ते होतंच.

सर्वाधिक फसतं ते पार्श्वभूमीत. घरं, झाडं वेगळ्या थरांवर ठेवा, पुढचा थर जास्त वेगाने सरकवा. पण जमिनीचा वेग टेकलेल्या पावलाशी जुळला नाही तर मुलगी बर्फावरून घसरल्यासारखी दिसते. पार्श्वभूमीही सेकंदाला १२ वेळाच हलवा.

नावं टाइप करू नका. प्रत्येक नाव हाताने तीनदा लिहा, स्कॅन करा आणि तिन्ही आळीपाळीने दाखवा.