मामाच्या आखाड्यावर लेकरांना तिरंदाजी शिकवताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीकडं माहेरी गेलं की पहिल्या दिवशी लेकरं वासरामागं पळतात, तिसऱ्या दिवशी मोबाइल धरून बसतात. म्हणून आता आम्ही सोबत एक धनुष्य नेतो. सहा ते दहा वर्षांची चार-पाच लेकरं, भावाचा आखाडा (म्हणजे शेतातली गोठा-कडब्याची जागा) आणि सकाळचा तासभर, एवढ्यात काम भागतं. सकाळचाच. मे महिन्यात नऊनंतर ऊन सोसत नाही आणि संध्याकाळी वावटळ सुटली की नेमाचा पत्ता नसतो.

आधी धनुष्य. जत्रेतले रबरी वाटीचे तीर नकोत. ती वाटी लेकरं दहा मिनिटांत उपटतात, मग उरते नुसती टोकदार काडी. घरी वाकवलेला बांबूही नको, तो कधी तडकेल सांगता येत नाही. खेळाच्या साहित्याच्या दुकानात लहान मुलांचं फायबरचं धनुष्य मागा. त्याचा ताण पौंडात मोजतात, या वयाला 8 ते 12 पौंड पुरे. लेकरानं दोरी ओढून पाच आकडे मोजेपर्यंत धरावी. हात थरथरला तर धनुष्य जड आहे. तीर मात्र लांबच घ्या. दोरी पूर्ण ओढल्यावरही तिराचं टोक धनुष्याच्या पुढं तीन-चार बोटं दिसलं पाहिजे. आखूड तीर मागं घसरतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो.

आता निशाण. समोर कडब्याची गंजी दिसते आणि मोह होतो, पण तिच्यावर तीर मारू देऊ नका. आत शिरलेला तीर सापडत नाही, आणि लोखंडी टोक वैरणीतून बैलाच्या पोटात गेलं तर सुट्टी तिथंच संपली. त्यापेक्षा बारदानाच्या पोत्यात जुनी लुगडी, चिंध्या ठासून भरा, दाभणानं तोंड शिवा आणि उभ्या केलेल्या बाजेला सुतळीनं आवळून बांधा. पोतं लेकरांच्या छातीच्या उंचीवर यावं. मागं मातीचा उंच बांध असेल तर उत्तम, दगडी भिंत नको, तीर उलटून येतो. पाऊलवाट, गोठा, विहिरीवर जाणारी माणसं यांतलं काहीही त्या दिशेला नको.

पोत्यापासून मोठ्या माणसाच्या पाच पावलांवर चुन्यानं रेघ ओढा. एवढ्या जवळून काय शिकणार, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. पहिल्या दिवशी पोत्यात तीर रुतल्याचा ‘थप्प’ आवाज ऐकू यायला हवा, बाकी काही नाही. गुणही मोजू नका. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट रात्री अंगणात सांगा.

नियम शिट्टीचे. स्पर्धेतही असेच असतात: दोन शिट्ट्या म्हणजे रेघेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे तीर आणायला चला. चौथा नियम नाही. शिट्टी सगळ्यात खोडकर लेकराच्या गळ्यात अडकवा, मग ते दुसऱ्या कुणाला रेघ ओलांडू देत नाही. मोठं माणूस मात्र शेजारी हवंच.

कोणत्या हातात धनुष्य द्यायचं, हे डोळ्यावरून ठरतं. दोन्ही तळहात पुढं धरून मध्ये छोटी खिडकी करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लिंबाचा शेंडा पाहू दे आणि हात हळूहळू तोंडाशी आणू दे. खिडकी ज्या डोळ्यावर येते तो डोळा जोरकस. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हातात.

मग खांदा पोत्याकडं करून उभं राहायचं, पाय खांद्याएवढे फाकवून. तीर दोरीला लावताना त्याच्या शेपटाचं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला. दोरीवर तीन बोटं, तर्जनी तिराच्या वर, दोन खाली. दोरी तोंडाच्या कोपऱ्याला टेकेपर्यंत ओढायची आणि बोटं सैल सोडायची. दोरी हिसडली की तीर वाकडा जातो. ‘मऊ भाकरी तव्यावर सोडतेस तसं’ म्हटल्यावर आमच्या भाचीला ते एका क्षणात कळलं.

प्रत्येकी तीनच तीर. काढताना एक हात पोत्यावर दाबून, दुसऱ्यानं तीर मुळाशी धरून सरळ ओढायचा, आणि त्या वेळी मागं कुणी उभं राहायचं नाही, डोळ्यात जातो.

खरा धोका मोठ्यांचा. ‘आण इकडं, दाखवतो’ म्हणत आमच्या भावानं तीर न लावताच दोरी ताणून सोडली. रिकामी दोरी सुटली की सगळा जोर धनुष्यावरच बसतो. वरचा दांडा तडकला आणि दोरी त्याच्या उघड्या कोपराखाली अशी बसली की वळ दोन दिवस निळा होता. तेव्हापासून लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि मामाला तीन हात लांब बाज.

चार दिवसांत नेम जमायला लागला की दहा पावलांवर न्या, पोत्यावर फुगे लावा. आपल्याकडचं कुणी खेळतं का, असं विचारतील. 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जिंकला, हे सांगा.

शेवटच्या दिवशी पोत्यापासून 70 मीटर मोजत चालायला लावा. ऑलिम्पिकमध्ये एवढ्या अंतरावरून नेम धरतात आणि दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचं, पुरीएवढं. आमचं धाकटं तिथून पोत्याकडं बघत राहिलं आणि म्हणालं, ‘आई, तिथं पुरी आहे हे त्यांना सांगतं कोण?’