शॉक टनेलमध्ये लेझरनं तापमान मोजताना: नागपूरच्या हवेसाठी काही खबरदारी

हाय-एन्थाल्पी शॉक टनेल म्हणजे शॉक लाटेनं तापवलेली हवा नोझलमधून अतिवेगानं सोडणारी चाचणी-नळी. तिच्यातला उपयोगी प्रवाह मिलिसेकंदभर टिकतो. एन्थाल्पी (दर किलो हवेतली ऊर्जा) १० मेगाज्यूल प्रति किलो असेल, तर हवा सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास धावते. तिथं साधं थर्मोकपल (तारांचा तापमापक) पुरत नाही. नोझलआधी तापलेल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि बराचसा पुढंही टिकतो. त्याच्या ५.२ मायक्रॉनजवळच्या शोषणरेषा (वायू ज्या ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो त्या) क्वांटम कॅस्केड लेझरनं, म्हणजे अवरक्त किरण देणाऱ्या छोट्या अर्धवाहक लेझरनं, मोजायच्या.

तापमान दोन रेषांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून निघतं. म्हणून रेषा दोन हव्यात, आणि त्यांच्या खालच्या पातळ्यांच्या (जिथून रेणू प्रकाश शोषतो त्या) ऊर्जेत चांगलं अंतर हवं. फरक ७०० प्रति सेंटिमीटर (वर्णपटात ऊर्जा मोजायचं एकक) आणि तापमान ५०० केल्विन असेल, तर क्षेत्रफळांच्या गुणोत्तरातली ५ टक्के चूक तापमानात अडीच टक्केच उतरते. दोन्ही रेषा तळाच्या कंपनपातळीतल्याच घ्या. त्यातून घूर्णन तापमान, म्हणजे रेणूंच्या फिरण्याचं तापमान, मिळतं. कंपन तापमान (रेणूंच्या थरथरण्याचं) नोझलमध्ये गोठून, म्हणजे खाली यायला वेळच न मिळून, जास्तच राहू शकतं, त्यासाठी वेगळी रेषा लागते. दोन्हींची सरमिसळ झाली, तर निघालेला आकडा कुठल्याच तापमानाचा नसतो.

लेझरची तरंगलांबी रेषांवरून ५० किलोहर्ट्झनं स्कॅन करा, म्हणजे मिलिसेकंदात ५० स्कॅन मिळतील. दर स्कॅनमध्ये थोडा वेळ लेझर बंद राहू द्या. तेवढ्यात गरम वायूची स्वतःची चमक नोंदली जाते आणि ती वजा करता येते. वारंवारतेची मोजपट्टी म्हणून ७.६ सेंटिमीटर लांब जर्मेनियम एटालॉन (समांतर टोकांचा ठोकळा, ज्यातून प्रकाशाचे समान अंतरावरचे पट्टे मिळतात) चालतो, त्याचे पट्टे ०.०१६ प्रति सेंटिमीटर अंतरानं येतात. खिडक्या कॅल्शियम फ्लोराइडच्या आणि किंचित पाचरीसारख्या घ्या. समांतर काचेत परावर्तनाच्या लाटा उठतात आणि रेषेच्या पायथ्याशी मिसळतात. फ्यूज्ड सिलिकातून ५.२ मायक्रॉन पार जातच नाही.

नागपुरात खरी अडचण बाष्पाची. याच पट्ट्यात पाण्याच्या वाफेच्या रेषाही आहेत. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असला, तर टनेलबाहेरच्या किरणमार्गातली वाफ क्षणाक्षणाला बदलते आणि आधी घेतलेली आधाररेषा (टनेलमध्ये वायू नसतानाची नोंद) निरुपयोगी ठरते. लेझरच्या खोलीत कूलर नकोच, एसी लावा. किरणाचा बाहेरचा सगळा मार्ग नळीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडत राहा. आधाररेषा टनेल निर्वात करून, डागण्याच्या काही सेकंद आधीच घ्या. पावसाळ्यात ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४ अंशांच्या जवळ असतो. चिलरचं (लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी त्याखाली गेलं, की नळ्यांना घाम फुटतो आणि थेंब ऑप्टिक्सवर पडतात.

प्रवाहाच्या कडेचा गरम सीमास्तर (भिंतीलगतचा मंदावलेला थर) किरणाच्या वाटेत आला, तर तापमान चुकतं. म्हणून खिडक्या नळ्यांतून गाभ्यापर्यंत नेतात. या नळ्यांची टोकं धारदार ठेवा, नाहीतर त्यांचेच शॉक मापनात शिरतात.

टनेलआधी नायट्रोजनमध्ये २ टक्के नायट्रिक ऑक्साइड भरलेल्या सेलवर (खिडक्या असलेल्या बंद नळकांड्यावर) पडताळा घ्या. खोलीचं तापमान आलं नाही, तर पुढं जाऊ नका. सेलमध्ये हवा शिरली, तर नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होऊन तो कमी होतो. नायट्रिक ऑक्साइड विषारी आहे, त्यामुळे निकास आणि गळती-सूचक लागतोच. किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय जुळवणी करू नका.