उन्हाळ्यात येझदी उभी करताना
मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५च्या घरात जातो. जुनी येझदी किंवा राजदूत मोटरसायकल आठवडाभर उभी राहणार असेल, तर दारात आल्यावर आधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. या जुन्या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल उन्हानं उडून जातं, ऑइल मात्र तळाशी राहतं. मग किका मारून पोटरी भरून येते, स्पार्क प्लग काढावा तर काळाकुट्ट नि ओला. जळगावातल्या मेहरूण तलावाच्या फेरीला निघताना माझं हेच व्हायचं. राजदूतवाले मित्र येझदीला नावं ठेवायचे, पण दोष गाडीचा नव्हताच! निघण्याआधी कॉक उघडून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या. जादा प्लग आणि पाना डिकीत हवाच.